गुडघा गेला म्हणजे नक्की कुठं गेला?

आमच्या कोल्हापुरात फुटबॉलवाल्यांच्यात एक वाक्य आहे, "गुडघा गेला त्याचा." एवढं म्हटलं की पुढचं कुणी काही विचारत नाही. कसा गेला, परत येणार का, काही नाही. अमक्या पेठेतला तो पोरगा काय खेळायचा राव, आता कुठं असतो? गुडघा गेला त्याचा, दुकानात बसतो. विषय संपला, चहा सांगा.

माझ्या काकांचं पण हेच झालं. नव्वदच्या दशकात स्टॉपर, म्हणजे डिफेन्सच्या मधोमध खेळायचे, शाहू स्टेडियमवर. टीमचं नाव सांगत नाही, उगाच पेठापेठांत भांडणं नकोत. एका मॅचला हेडरला उडी मारली, खाली येताना पाय तसाच राहिला नि अंग फिरलं. हाडवैद्य झाला, आंबेहळद झाली, महिनाभर घरात बसले, सूज उतरली, चालता यायला लागलं म्हणून परत उतरले आणि दहाव्या मिनिटाला गुडघा निसटला. परत आराम, परत उतरले, परत निसटला. तिसऱ्या वेळेनंतर त्यांनी बूट एका पोराला देऊन टाकले. तेव्हा त्यांचं वय २६.

तर जुलैमध्ये माझा गेला.

मी काय प्लेयर वगैरे नाही, पुण्यात आयटीत आहे, गुरुवारी रात्री दहाच्या स्लॉटला ऑफिसच्या पोरांबरोबर टर्फवर खेळतो तेवढंच. पाऊस होता, टर्फ ओलं, बॉल माझ्याकडे आला, मला कुणी हात पण लावला नव्हता, फक्त वळलो. पाय तिथेच चिकटून राहिला नि आतून टक् असा आवाज आला. आवाज मला आलाच, पण गोलकीपरला पण आला असं तो आजपर्यंत सगळ्यांना सांगतो. गंमत म्हणजे पाच मिनिटांनी मी उठून चालत बाहेर आलो, स्वतः स्कूटर चालवत घरी गेलो, आणि दुसऱ्या दिवशी ज्या डॉक्टरांना दाखवलं त्यांनी एक्सरे काढून "हाड व्यवस्थित आहे, मुरगळलाय, १५ दिवस क्रेप बँडेज" म्हणून सोडून दिलं. एक्सरेत लिगामेंट दिसत नाही हे मला नंतर कळलं, म्हणजे बाथरूममध्ये साधं वळताना गुडघा बाजूला सरकला तेव्हा. मग दुसरे डॉक्टर, त्यांनी आडवं झोपवून नडगी धरून पुढं ओढली, दोन सेकंद बघितलं नि म्हणाले एमआरआय करून घ्या, पण मला उत्तर माहितीये. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं लिगामेंट, तुटलंय. पूर्ण.

त्या रात्री झोप नाही, मग माणूस जे करतो ते केलं, मोबाईल उघडला आणि लिव्हरपूलचा डिफेंडर व्हर्जिल व्हॅन डाइक, त्याचा गुडघा गेला तो व्हिडिओ परत बघितला. लिव्हरपूलचा मी २००५ ला इस्तंबूलमध्ये त्यांनी चॅम्पियन्स लीग जिंकली तेव्हापासूनचा, त्यामुळे हा व्हिडिओ मी आधी कधीच पूर्ण बघू शकलो नव्हतो.

१७ ऑक्टोबर २०२०, गुडिसन पार्क, एव्हर्टनविरुद्ध. करोनामुळे स्टेडियम रिकामं. मॅच सुरू होऊन पाच-सहा मिनिटं झालेली, एव्हर्टनचा कीपर जॉर्डन पिकफर्ड धावत पुढं आला आणि दोन्ही पायांची कात्री करून थेट व्हॅन डाइकच्या उजव्या गुडघ्यावर. ऑफसाइड होता म्हणून पेनल्टी नाही, आणि कार्डही नाही. (यावर मी अजूनही शांतपणे बोलू शकत नाही, पुढं जाऊया.) अकराव्या मिनिटाला व्हॅन डाइक लंगडत बाहेर गेला, स्वतःच्या पायांवर, आणि जो गोमेझ आत आला. माझ्यासारखाच चालत गेला होता. एसीएल तुटलेला माणूस चालू शकतो, हीच तर त्यातली फसवणूक आहे. सरळ रेषेत चालायला एसीएल फारसा लागतच नाही. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना आतून तिरकी बांधणारी ती दोरी आहे, नडगी पुढं सरकू द्यायची नाही आणि गुडघा आडवा फिरू द्यायचा नाही हे तिचं काम, म्हणजे ती कळते ती वळताना, थांबताना, उडी मारून खाली येताना. स्टॉपरचं आख्खं आयुष्यच त्या तीन गोष्टींत असतं.

आणि हा माणूस कोण, तर आदल्या सीझनला लिव्हरपूलने ३० वर्षांनी लीग जिंकली त्यात ३८ पैकी ३८ मॅच खेळलेला, एक मिनिटसुद्धा बाहेर न बसलेला. २०१८ च्या जानेवारीत साउथहॅम्प्टनकडून ७५ मिलियन पाउंडांना घेतला तेव्हा लोक हसले होते, डिफेंडरला एवढे पैसे? नंतर कुणी हसलं नाही.

लिव्हरपूलचा तेव्हाचा मॅनेजर क्लॉप त्या आठवड्यात प्रेसला काय म्हणाला होता आठवतंय? नवरा जेलमध्ये गेला की चांगली बायको जशी वाट बघते तशी आम्ही व्हर्जिलची वाट बघू. तेव्हा मी हसलो होतो, ऑफिसच्या ग्रुपवर मीम पण टाकलेलं. आता एमआरआयचा रिपोर्ट पोटावर ठेवून पडल्यावर ते वाक्य आठवलं आणि हसू आलं नाही. कारण मला एकदम काका दिसले. त्यांच्यासाठी कोण थांबलं होतं? पुढच्या रविवारी दुसरा स्टॉपर उभा राहिला, झालं. दोष कुणाचाच नाही, पेठेतल्या टीमकडं काय फिजिओ असणार होता का तेव्हा, पण नाहीच ना कुणी थांबलं.

ऑपरेशन ऑगस्टच्या मध्यात झालं. व्हॅन डाइकचं लंडनमध्ये झालं, ३० ऑक्टोबरला क्लबने नीट पार पडलं म्हणून सांगितलं. म्हणजे दुखापतीनंतर जवळपास दोन आठवडे. मला वाटायचं तेवढ्या मोठ्या क्लबला उशीर कशाला, त्याच रात्री करून टाकायचं की. पण तसं नसतं, आधी सूज उतरवून गुडघा सरळ व्हायला लागला पाहिजे, नाहीतर ऑपरेशननंतर तो आखडून बसतो. आणि तुटलेली दोरी शिवत नाहीत शक्यतो, तुमच्याच शरीरातली दुसरी शीर, म्हणजे टेंडन, काढून तिथं बसवतात. माझी मांडीच्या मागची, म्हणजे हॅमस्ट्रिंगची घेतली. आई म्हणाली, म्हणजे एक दुरुस्त करायला दुसरीकडं फाडलं होय! बरोबरच आहे तिचं.

त्यानंतरचे पहिले सहा आठवडे म्हणजे फुटबॉलशी काही संबंधच नाही. फिजिओ मॅडम गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायच्या आणि म्हणायच्या, दाबा. मी दाबायचो, म्हणजे डोक्यातून हुकूम सोडायचो, आणि मांडी हलायची नाही. माझी स्वतःची मांडी! मेंदू नि स्नायूचं कनेक्शनच गेलेलं, सूज असली की शरीर तो स्नायू बंद करून टाकतं म्हणे. दोन आठवड्यांत उजवी मांडी एवढी बारीक झाली की जीन्सचा एक पाय झेंड्यासारखा फडफडायचा. जिने चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनवाला आधी, हे पाठ केलं. मांडी घालून जेवायला बसणं तर सोडूनच द्या, गणपतीत सगळे खाली पंगतीला आणि मी एकटा खुर्चीत, पाहुण्यासारखा.

आणि मग साधारण तिसऱ्या महिन्यात खरा धोका येतो. दुखणं गेलेलं असतं, सूज नाही, लंगडणं नाही, तुम्हाला वाटतं झालं की. मी मॅडमना विचारलं पण, हळू हळू खेळू का गुरुवारी, फक्त पासिंग. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की बास. नवीन बसवलेली शीर आधी आतून मरते, मग तिच्यात नवीन रक्तवाहिन्या येतात आणि हळूहळू ती लिगामेंटसारखी होत जाते, आणि या सगळ्यात ती सगळ्यात कच्ची कधी असते तर ऑपरेशननंतर सहा ते बारा आठवड्यांच्या आसपास. म्हणजे बरं वाटायला लागतं तेव्हाच दोरी सगळ्यात कमजोर. काकांनी ऑपरेशन केलंच नव्हतं, पण चूक तीच, बरं वाटलं म्हणून उतरले. मॅडमनी अजून एक सांगितलं, २०१६ मध्ये आलेला एक अभ्यास आहे, त्यात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत जितके महिने थांबाल त्यातल्या प्रत्येक महिन्याला पुन्हा दुखापत व्हायचं प्रमाण साधारण निम्म्यानं कमी होत जातं. आणि नुसते महिने मोजून पण चालत नाही, ऑपरेशनवाल्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या ९० टक्के तरी झाली पाहिजे. माझी तेव्हा ५८.

तर नऊ महिने. आणि इथं मला व्हॅन डाइकची खरी गोष्ट कळली, जी मला २०२१ मध्ये अजिबात कळली नव्हती, उलट राग आलेला.

झालं असं, की युरो २०२०, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, करोनामुळे एक वर्ष पुढं गेली, ११ जून २०२१ ला सुरू होणार होती. म्हणजे ऑपरेशनपासून साडेसात महिने. नेदरलँड्स २०१६ च्या युरोला नव्हतं, २०१८ च्या वर्ल्ड कपला नव्हतं, म्हणजे हा पठ्ठ्या त्या देशाचा कॅप्टन आणि तिशीला आलेला, पण मोठी स्पर्धा एकही खेळलेला नाही. करोनाने त्याला वर्षभर वाढवून दिलं होतं जवळजवळ. तो पळत होता, ट्रेनिंगचे फोटो येत होते, सगळं हॉलंड वाट बघत होतं. आणि मे महिन्यात त्यानं सांगून टाकलं, मी जाणार नाही. शरीर अजून त्याला तयार नाही, प्रीसीझनला तयार व्हायचंय.

मी त्यावेळी म्हटलं काय माणूस आहे, युरो सोडून प्रीसीझन? प्रीसीझन म्हणजे काय असतं, उन्हाळ्यात ऑस्ट्रियाच्या डोंगरात पळायचं आणि फ्रेंडली खेळायच्या ज्यांचा स्कोर ऑगस्टमध्ये कुणाच्या लक्षात पण नसतो. नेदरलँड्स मग बुडापेस्टला चेक रिपब्लिककडून २-० हरलं नि बाहेर, डी लिख्टला लाल कार्ड, आणि मी परत म्हटलं बघा, हा असता तर.

आता वाटतं, प्रीसीझनच पाहिजे होतं त्याला. स्पर्धेत उतरलास की सगळे टॉप गियरमध्ये असतात, तू एकटा पहिल्यात. प्रीसीझनला सगळेच सुट्टीवरून आलेले असतात, सगळ्यांचेच पाय जड, मोहम्मद सालाह सुद्धा धापा टाकतोय, सादियो माने पण, मग तुझा एक गुडघा नवीन आहे हे उठून दिसत नाही. तिथं २० मिनिटं खेळून बाहेर बसलास तर कुणी काही म्हणत नाही, पुढच्या मॅचला जरा जास्त. परत यायला अशी जागा लागते जिथं हरलं तरी चालतं. आमच्याकडं तसली जागाच नसायची हो, काका आजारपणातून उठले ते थेट पेठेच्या मॅचला, दहा हजार लोक आणि समोर दुश्मन.

हे सगळं लिव्हरपूलला परवडत होतं असं पण नाही बरं का. त्या सीझनला त्यांची पार वाट लागली होती. गोमेझचा गुडघा नोव्हेंबरमध्ये इंग्लंडच्या ट्रेनिंगला गेला, जानेवारीत माटिपचा घोटा, मग मिडफिल्डवाले फाबिन्यो आणि हेंडरसन मागं डिफेन्सला, नॅट फिलिप्स आणि र्‍हीस विल्यम्स अशी पोरं उभी केली, आणि ॲनफिल्डवर लागोपाठ सहा लीग मॅच हरले. शेवटी मेमध्ये वेस्ट ब्रॉमविरुद्ध ॲलिसनने, म्हणजे गोलकीपरने, ९५ व्या मिनिटाला हेडर मारला (मी खुर्चीवरून पडलो होतो त्या रात्री) आणि कसेबसे तिसरे आले, ६९ पॉइंट. अशा सीझनमध्ये "एप्रिलमध्ये येतोस का रे दोन मॅचला" असं विचारायचा मोह किती झाला असेल. तरी थांबले. चांगल्या बायकोसारखे थांबले.

२९ जुलै २०२१. तारीख मला पाठ आहे कारण तेव्हा मी कोल्हापुरात घरी होतो, वर्क फ्रॉम होम, आणि महापूर नुकता ओसरत होता. पंचगंगेचं पाणी उतरत चाललेलं, नळाला पाणी अजून नीट येत नव्हतं, दिवसभर घागरी वाहून खांदे गेलेले, आणि मी रात्री उशिरा मोबाईलवर कुठलीतरी अडकत चालणारी स्ट्रीम लावून इन्सब्रुकची फ्रेंडली बघत बसलेलो, हर्था बर्लिनविरुद्ध. ६९ व्या मिनिटाला बोर्ड वर गेला. व्हॅन डाइक आणि जो गोमेझ, दोघं बरोबर. म्हणजे जो पडला तो, आणि जो त्याच्या जागी आला नि चार आठवड्यांत स्वतः पडला तो. मी ओरडलो. बाबा आतून आले, "गोल झाला काय?"

"नाही, बदली खेळाडू आले."

बाबा काही न बोलता परत झोपायला गेले.

त्या मॅचमध्ये लिव्हरपूल ४-३ ने हरलं. २८५ दिवस, मी नंतर कॅलेंडरवर मोजले. आणि ऑपरेशनपासून मोजलं तर बरोबर नऊ महिने, एखादा दिवस इकडंतिकडं. त्यातही उगाच शौर्य दाखवायला कुणी पूर्ण मॅच खेळवली नाही, वीसेक मिनिटं, बास, मग पुढच्या आठवड्यांत हळूहळू वाढवत नेलं आणि १४ ऑगस्टला नॉर्विचविरुद्ध सीझनच्या पहिल्याच मॅचला पूर्ण ९० मिनिटं. ३-० जिंकले. सुरुवातीचे महिना-दोन महिने मला तो अर्धा पाऊल मागं वाटायचा, वळायच्या आधी एक क्षण विचार करतोय असं. तो विचार काय असतो हे आता मला माहितीये, गुडघा तयार असतो पण डोकं विचारतं, नक्की ना? पण त्या सीझनला लिव्हरपूल ६३ मॅच खेळलं, दोन कप, लीग एका पॉइंटने गेली (९२, मँचेस्टर सिटीचे ९३, यावर पण बोलायला नको), चॅम्पियन्स लीगची फायनल, आणि लीगच्या ३८ पैकी ३४ मॅचना हा उभा होता. पुढं कॅप्टन झाला आणि २०२५ मध्ये ट्रॉफी उचलली ती त्यानंच. मोठी स्पर्धा पण मिळाली, कतारचा वर्ल्ड कप, वयाच्या ३१ व्या वर्षी.

आपल्याकडचं उदाहरण पण आहे, भारताचा डिफेंडर संदेश झिंगनचं. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये, आयएसएल (आपली इंडियन सुपर लीग) तोंडावर आलेली असताना, इंडियाच्या कॅम्पमध्ये नॉर्थईस्ट युनायटेडबरोबरच्या प्रॅक्टिस मॅचला एसीएल गेला, केरला ब्लास्टर्सचा तो आख्खा सीझन बाहेर. पुढच्या सीझनला एटीके मोहन बागानकडून परत आला, फायनलपर्यंत गेले ते, आणि त्या वर्षीचा भारताचा सगळ्यात चांगला खेळाडू म्हणून फेडरेशनने निवडला. त्याच्याबद्दल खरं तर वेगळं लिहायला पाहिजे.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा काका आलेले. माझा पाय बघितला, टाक्यांच्या खुणा बघितल्या, बोट फिरवलं त्यावरनं. मी सगळं समजावून सांगितलं, एसीएल काय, शीर कुठनं काढली, नऊ महिने का. ते ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे माझं पण हेच असणार."

"हेच असणार काका. निसटायचा म्हणता ना तुम्ही, ते हेच."

"मला वाटलं मीच भित्रा झालोय."

तीस वर्षं हा माणूस हे मनात धरून होता. मला काय बोलावं सुचेना. काकूंनी चिवडा आणून ठेवला म्हणून वाचलो.

मग तेच म्हणाले, रोनाल्डोचा पण गेला होता की, ब्राझीलच्या. (आमच्या गल्लीत रोनाल्डो म्हटलं की ब्राझीलचाच, दुसऱ्याला क्रिस्तियानो म्हणायचं.) म्हटलं हो, पण त्याची गुडघ्याच्या वाटीखालची शीर होती, आणि त्याला घाई झाली. नोव्हेंबर १९९९ ला गेली, एप्रिल २००० ला रोममध्ये कप फायनलला उतरवला, सहा-सात मिनिटं झाली आणि पाय फिरवताना पूर्णच तुटली. नंतर मात्र दोन वर्षं घेतली नि २००२ ला आठ गोल मारून वर्ल्ड कप नेला. काका म्हणाले ती फायनल बघितलीय मी, सगळी पेठ बघत होती, पण मला त्याचे गोल नाही आठवत, मी गुडघाच बघत होतो त्याचा.

आता माझा चौथा महिना चालू आहे. मागच्या आठवड्यात मॅडमनी पहिल्यांदा ट्रेडमिलवर पळू दिलं, दोन मिनिटं पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं पाच वेळा. ताकद ७४ टक्के. माझं प्रीसीझन मेमध्ये आहे असं मी ऑफिसच्या ग्रुपवर जाहीर केलंय, पोरांनी हसून घेतलं, पण गोलकीपर म्हणाला स्लॉट ठेवतो तुझा, तोपर्यंत नऊच जण खेळू. ठेवतोय खरंच, दर गुरुवारी एक जण कमी घेऊन खेळतात गाढवं.

काकांना त्या दिवशी मी इन्सब्रुकची क्लिप दाखवली होती, ती सांगायची राहिली. चष्मा वर करून, मोबाईल लांब धरून त्यांनी बघितली, तो साइडलाइनवरनं आत येतो तिथपासून. एक हेडर जिंकला, एकदा वळून मागं पळाला, एक लांब पास. त्यांनी मागं घ्यायला लावली, परत बघितली. परत एकदा. चिवड्याची वाटी तशीच.

"कुठला पाय रे त्याचा?"

उजवा, म्हटलं.

"कळत नाही बघ," म्हणाले, आणि परत पहिल्यापासून लावायला सांगितली.